आधी बियाणे तपासा



लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की घरात कुजबूज सुरू होते. सुनेचे नवस होतात, उपास होतात, अंगारे-धुपारे होतात. मुलाची मात्र साधी तपासणीही झालेली नसते. पेरणीआधी आपण ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून उगवण पाहतो. बी न तपासता जमिनीला बोल लावणाऱ्याला गाव हसेल. मग घरात हा उलटा न्याय का?

मूल न होण्याच्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या दोषाचा वाटा असतो. 2 ते 7 दिवस संबंध न ठेवता वीर्य तपासायला द्यायचे, एवढीच ती तपासणी. शुक्रजंतू किती आणि त्यांची हालचाल कशी, ते त्यात कळते. मर्दानगीशी याचा काही संबंध नाही. वर्षभर एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. बाईचे वय 35 च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच जावे. बाईचे बीज वेळेवर सुटते का आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हेही पाहावे लागते. क्षयाने नलिका बंद झाल्याचे आपल्याकडे आढळते. पूर्वी क्षय झाला असेल, तर तो लपवू नये.

पुष्कळांना वाटते, डॉक्टरांकडे गेले की टेस्ट ट्यूब बेबी आणि लाखांचा खर्च. मुंबईतली अशी पहिली मुलगी 6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे ते यश. पण ती फार वरची पायरी. तिच्या आधी एक सोपा उपाय आहे. त्याला आययूआय म्हणतात.

निदान एक नलिका मोकळी असेल, शुक्रजंतू थोडेच कमी असतील किंवा कारणच सापडत नसेल, तर हा उपाय करतात. यात सगळा खेळ वाफशाचा! स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम 12 ते 24 तास टिकते. म्हणून पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून दर एक-दोन दिवसांनी सोनोग्राफी करतात. बीज ज्या पिशवीत वाढते ती 18 ते 20 मिलिमीटरची झाली, की इंजेक्शन देतात. मग साधारण 36 तासांच्या सुमारास नवऱ्याचे वीर्य धुऊन, त्यातले चपळ शुक्रजंतू बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. भूल लागत नाही. काही मिनिटांचे काम, त्याच दिवशी घरी. गोळ्यांमुळे एकदम बरीच बीजे पिकली, तर जुळी-तिळी होण्याचा धोका असतो. अशा वेळी डॉक्टर तो महिना सोडून देतात. त्यांच्यावर रागावू नये.

या फेऱ्यांसाठी आठवडा-दहा दिवस हाताशी ठेवा. तालुक्याला सोय असेल तर उत्तम. मुंबईलाच जायचे, तर लालबागच्या चाळीत मामाकडे किंवा गिरगावात आत्याकडे आधीच कळवा. सुगीच्या ऐन घाईत हे काढू नका. एका खेपेला 100 जोडप्यांत साधारण 10 ते 15 जणांनाच यश येते. तीन ते सहा खेपा धीर धरावा. तरीही यश नाही आले, तर पुढचा मार्ग डॉक्टरांना विचारावा.

दोन गोष्टी गाठीला बांधा. वीर्य नवऱ्याचेच असेल, तर मूल त्या दोघांचेच; इथे शंकेला जागा नाही. दुसऱ्याचे वीर्य दोघांच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही. आणि 2021 च्या कायद्याने अशा दवाखान्याची नोंदणी सक्तीची आहे. प्रमाणपत्र पाहायला मागा. मुलगाच होईल अशी हमी कोणी दिली, तर तो गुन्हा आहे. तिथून तडक उठा.

सासूबाईंनो, सुनेला पुढच्या नवसाला पाठवण्यापूर्वी एकदा आपल्या लेकाला तपासणीला पाठवा. अर्धे दुःख तिथेच हलके होईल.