इंजिनाच्या पोटांत पाणी

गेल्या आश्विनांत आम्ही लातुराहून नांदेडास कन्येकडे गेलों असतां आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. विष्णुपुरीच्या जलाशयांत त्याची मासेमारीची नाव असून तिच्या मागील फळीस दोन सिलिंडरांचें पेट्रोल इंजिन टांगलेलें आहे. तें गचके देऊं लागलें, व खालच्या सिलिंडराचा प्लग काढून पाहतां तो पाण्यानें भिजलेला निघाला.

"गुरुजी, मिस्त्री म्हणतो ब्लॉकच फुटला, नवा घ्या. आतां घरांतलें सोनें मोडूं काय?"

संस्कृत शिकविणाऱ्यास हा प्रश्न! परंतु धूम व अग्नि यांचा संबंध आम्हीं जन्मभर घोकविला आहे. कार्यावरून कारण शोधण्याचा मोह आवरला नाहीं.

या यंत्राच्या पाण्यांत बुडालेल्या भागांत रबरी पात्यांचा लहानसा पंप असतो. तो नदीचेंच पाणी वर चढवितो. तें सिलिंडराभोंवतींच्या पोकळींतून फिरून इंजिन थंड ठेवितें व बाहेर पडतें. अग्नि आणि जल यांच्यामध्यें धातूची भिंत व कुकराच्या रबरासारखें काम करणारें एक पातळ गॅस्केट, एवढेंच काय तें अंतर. (लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, येथें तें नको असतां शिरतें!)

प्रथम दोन्ही प्लग काढून दोरी ओढविली व पाणी बाहेर उडविलें. पाणी दाबलें जात नाहीं. प्लग लावून जोरानें ओढल्यास पिस्टनचा दांडा वांकावयाचा. नंतर पेट्रोल कांचेच्या बाटलींत ठेविलें. त्यांत पाणी असतें तर तळाशीं बसतें. तसें झालें नाहीं. शिवाय दोष पेट्रोलचा असता तर बहुधा दोन्ही प्लग भिजते. दाब मोजला, तो खालच्याच सिलिंडरांत उणा. म्हणून हेड उघडलें. पिस्टनची काजळी एका कडेला धुवून लख्ख झालेली, आणि नेमकें तेथेंच गॅस्केट जळालेलें! हेड जाड कांचेवर पालथें ठेवितां एका बाजूनें कागद आंत सरकला. म्हणजे तें उष्णतेनें वांकलेलें.

पण उष्णता कां वाढली? इंजिनाच्या बाजूनें पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. "ती श्रावणापासून मंदावली होती, गुरुजी," तो ओशाळून म्हणाला. पंप उघडला, तों पुराच्या गाळानें रबरी पातीं झिजलेलीं. हें न पाहतां नवा ब्लॉक बसविला असता तर तोही तापलाच असता.

धुराच्या मार्गावरील झांकणही तपासलें. तें निर्दोष होतें. नवें गॅस्केट येईपर्यंत सिलिंडरांत तेल सोडून ठेविलें, कारण ओला सिलिंडर गंजावयास एक रात्र पुरते. हेड घांसून सपाट केलें, पातीं बदललीं, बोल्ट मधून कडेकडे थोडेथोडे आवळले.

ब्लॉकाविषयींची शंका तरी उरलीच होती. तासभर नाव फिरवून आल्यावर त्यानें दोन्ही प्लग आमच्या हातीं दिले. दोन्ही कोरडे व तपकिरी! आमच्या कन्येनें मात्र ते माजघरांत आणूं दिले नाहींत.