सभागृहातील कवी

आपल्या घराघरांत विल्यम बटलर येट्स यांचे नाव पोहोचले ते रवींद्रनाथांच्या बोटाला धरून. १९१२ साली निघालेल्या इंग्रजी 'गीतांजली'ला या आयरिश कवीने प्रस्तावना लिहिली, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांचा एक धागा थेट मराठीशी जोडलेला आहे, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते. वऱ्हाडात बडनेऱ्याला जन्मलेले श्रीपुरोहित स्वामी १९३१ मध्ये इंग्लंडला गेले आणि तेथे येट्स यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. स्वामींच्या गुरूंनी, भगवान श्रीहंसांनी, आपल्या कैलास-मानससरोवर यात्रेचे वर्णन मराठीत लिहिले होते. स्वामींनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९३४ साली प्रसिद्ध झाले आणि त्यालाही प्रस्तावना येट्स यांचीच आहे. पुढे दोघांनी मिळून दहा प्रमुख उपनिषदे इंग्रजीत आणली. ते पुस्तक १९३७ चे.

परंतु आज मला कवी येट्स यांच्याविषयी लिहावयाचे नाही, सिनेटर येट्स यांच्याविषयी लिहावयाचे आहे. १९२२ च्या डिसेंबरापासून १९२८ च्या सप्टेंबरापर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, ते आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य होते. कवीला सभागृहात बसविले म्हणजे तो एखाद्या उत्सवमूर्तीसारखा शोभेला असतो, अशी आपली समजूत. येट्स मात्र बोलत, वारंवार बोलत, आणि कधी कधी नको तेवढे बोलत.

त्या काळचे आयर्लंड म्हणजे नुकताच जन्मलेला देश. इंग्लंडशी तह होऊन 'आयरिश फ्री स्टेट' अस्तित्वात आले आणि त्या तहावरूनच भाऊ भावावर बंदूक रोखून उभा राहिला. वरिष्ठ सभागृहातील साठ सदस्यांपैकी तीस कनिष्ठ सभागृहाने निवडून दिले आणि तीस सरकारप्रमुख कॉसग्रेव्ह यांनी नेमले. नेमलेल्यांमध्ये जुन्या राजवटीकडे ओढा असलेल्या प्रॉटेस्टंट मंडळींना मुद्दाम जागा दिल्या होत्या. त्यांना नव्या राज्यात परके वाटू नये, हा हेतू. (आपल्या राज्यसभेत राष्ट्रपती बारा सदस्य नेमतात, ती कल्पनाही आपल्या घटनाकारांनी आयर्लंडच्याच पुढच्या, १९३७ च्या, घटनेवरून घेतली आहे.) सिनेटर होणे त्या वेळी मानाचे होते तितकेच जिवावरचेही होते. तहविरोधी बंडखोरांनी अनेक सिनेटरांची घरे जाळली. येट्स यांचे स्नेही डॉक्टर गोगार्टी यांना १९२३ च्या जानेवारीत पळवून नेण्यात आले, तेव्हा ते लिफी नदीत उडी टाकून पोहत निसटले. येट्स यांच्या डब्लिनमधील घराच्या खिडकीतूनही गोळ्या आत आल्या. सरकारने बंडखोरांविरुद्ध जे कठोर धोरण अवलंबिले त्यात सत्याहत्तर जणांना देहान्त शासन झाले, आणि त्या सरकारला येट्स यांचा एकंदर पाठिंबाच होता. त्यांच्या कवितेवर प्रेम करणाऱ्यानेही हे विसरू नये.

सभागृहात ते कोणत्या विषयांवर बोलले? १९१५ मध्ये जहाज बुडून मरण पावलेल्या ह्यू लेन यांचा चित्रसंग्रह लंडनहून डब्लिनला परत मिळावा म्हणून बोलले. चित्रपटांच्या नियंत्रणाविषयी बोलले. जुन्या आयरिश हस्तलिखितांचे संपादन व प्रकाशन व्हावे म्हणून १९२३ मध्ये समिती नेमविली आणि तिचे अध्यक्षपद सांभाळले. पण माझ्यासारख्या मास्तराचे लक्ष साहजिकच शाळांकडे जाते.

शाळेतील हजेरी सक्तीची करणारे विधेयक १९२६ मध्ये चर्चेस होते. येट्स स्वतः शाळा पाहत हिंडले होते. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत ते वॉटरफर्डला गेले. तेथील जोगिणींनी चालविलेली शाळा मॉंटेसोरी पद्धतीवर आधारलेली होती आणि ती त्यांना फार आवडली. त्या भेटीतूनच 'शाळकरी मुलांमध्ये' ही त्यांची प्रसिद्ध कविता जन्माला आली. सभागृहात मात्र त्यांनी कविता सांगितली नाही. शाळांच्या इमारती कशा आहेत, त्या स्वच्छ आहेत का, थंडीत ऊब आहे का, हे त्यांनी विचारले. मुलाला सक्तीने जेथे पाठवायचे ती जागा आधी माणसाच्या मुलाने बसण्याजोगी करा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. शिक्षणाचे उद्दिष्ट स्वतः मूल हेच असावे, आपले इतर हेतू त्याच्या डोक्यावर लादू नयेत, असेही त्यांनी सांगितले. छप्पर गळत असताना हजेरीपट भरण्याचा अनुभव मला आहे. त्यामुळे ही भाषणे मला त्यांच्या काही कवितांहून जवळची वाटतात.

दुसरे काम नाण्यांचे. नव्या देशाला स्वतःची नाणी हवी होती. १९२६ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष येट्स झाले. राजकीय पुढाऱ्यांची डोकी नकोत आणि ठरावीक राष्ट्रीय चिन्हांची खिचडीही नको, असे समितीने ठरविले. एका बाजूला वीणेसारखे आयरिश वाद्य हार्प, आणि दुसऱ्या बाजूला ज्यावर हा शेतकऱ्यांचा देश जगतो ते प्राणी. अर्ध्या क्राऊनवर घोडा, फ्लोरिनवर सॅल्मन मासा, शिलिंगवर बैल, सहा पेन्सवर शिकारी कुत्रा, तीन पेन्सवर ससा, पेनीवर पिलांसह कोंबडी, अर्ध्या पेनीवर पिलांसह डुकरीण आणि फार्दिंगवर वुडकॉक हा रानपक्षी. निरनिराळ्या देशांतल्या कलावंतांकडून नमुने मागविले आणि त्यांतून निवड झाली ती पर्सी मेटकाफ या इंग्रजाची! देश आत्ताच इंग्रजांपासून सुटलेला, आणि नाणी इंग्रजाच्या हातची. काही धर्मनिष्ठांनीही ओरड केली, की या नाण्यांवर देवाधर्माची खूणच नाही. तरी १९२८ च्या डिसेंबरात नाणी चलनात आली आणि लोकांच्या हातांत रुळली. यात येट्स यांच्या वंशाचा किंवा पंथाचा काहीही संबंध नव्हता. कॅथलिक शेतकऱ्याच्या खिशात आणि प्रॉटेस्टंट जमीनदाराच्या खिशात तीच कोंबडी होती.

भाषेच्या प्रश्नावरही त्यांनी रोष ओढवून घेतला. त्यांना स्वतःला आयरिश भाषा येत नव्हती. सभागृहातील प्रार्थना आयरिश भाषेतही म्हणावी असा विषय १९२३ मध्ये निघाला, तेव्हा ते म्हणाले की या चळवळीत नाटकीपणा शिरला आहे, जी भाषा येत नाही ती येत असल्याचा देखावा केला जात आहे. हा गृहस्थ भाषेचा वैरी नव्हता, हे हस्तलिखितांच्या समितीवरून दिसतेच. त्यांना विद्वत्ता हवी होती, फलक नको होता. आपल्याकडे दिवाणखान्यात ज्ञानेश्वरी मखमलीत गुंडाळून ठेवलेली असते आणि नातवंडे आजीशी हिंदीत बोलतात. तेव्हा या मुद्द्यावर मी येट्स यांच्याशी फारसे भांडणार नाही.

आता ज्या भाषणासाठी सिनेटर येट्स आजही आठवले जातात, त्याकडे वळतो. इंग्रजी अमलात आयर्लंडमधील माणसाला घटस्फोट हवा असेल तर लंडनच्या पार्लमेंटात स्वतंत्र खासगी विधेयक आणावे लागे. नव्या देशात अशी तीन विधेयके दाखल झाली. बहुसंख्य कॅथलिक समाजाच्या धर्मात घटस्फोटाला स्थान नाही. म्हणून १९२५ च्या फेब्रुवारीत कनिष्ठ सभागृहाने असा ठराव केला की अशी विधेयके यापुढे येऊच शकणार नाहीत. येट्स यांनी भाषण तयार केले, पण तेव्हा ते करावयास मिळाले नाही. ते मार्चमध्ये एका साप्ताहिकात छापून आले. प्रत्यक्ष बोलण्याची संधी ११ जून १९२५ रोजी आली. त्यांची साठी पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते.

त्यांचा युक्तिवाद साधा आणि भक्कम होता. ज्यांच्या धर्माला घटस्फोट मान्य नाही त्यांनी तो घेऊ नये. परंतु ज्यांच्या धर्माला तो मान्य आहे त्यांच्यावर बहुसंख्यांचा धर्म कायद्याने का लादावा? आणि उत्तरेकडील सहा परगणे वेगळे झाले आहेत, तेथील प्रॉटेस्टंटांना तुम्ही एकत्र या म्हणून बोलाविणार, तर हा कायदा म्हणजे त्यांच्यापुढे स्वतःच उभारलेली भिंत नव्हे काय? हा दुसरा मुद्दा किती दूरदृष्टीचा होता हे पुढील इतिहासाने दाखविले.

येथे थांबले असते तर! पण ते पुढे गेले. डब्लिनच्या मुख्य रस्त्यावर तेव्हा ज्यांचे पुतळे उभे होते त्या नेल्सन, ओकॉनेल आणि पार्नेल यांच्या खासगी आयुष्याकडे त्यांनी बोट दाखविले. अध्यक्षांना सांगावे लागले की मेलेल्यांना निवांत राहू द्या. मग त्यांनी आपल्या पूर्वजांची यादी वाचली: बर्क आमचे, ग्रॅटन आमचे, स्विफ्ट आमचे, एमेट आमचे, पार्नेल आमचे. या देशाचे आधुनिक वाङ्मय बहुतांशी आम्ही घडविले, राजकीय बुद्धीही आम्हीच दिली. आम्ही कोणी क्षुद्र माणसे नव्हेत. फ्री स्टेटमध्ये तेव्हा प्रॉटेस्टंटांचे प्रमाण शंभरात सात-आठ होते. त्या सात-आठांच्या वतीने कोणीतरी ताठ मानेने उभे राहिले याचा त्यांना अभिमान वाटला असेल. उरलेल्या ब्याण्णवांना काय ऐकू आले? कायद्याचा मुद्दा मागे पडला आणि जुन्या धन्यांचा तोरा तेवढा कानांत राहिला.

यावर टीका करण्याचा अधिकार मला फारसा नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातील एका शाळेतला मराठीचा ऐच्छिक वर्ग बंद करण्याचा विचार चालला होता. त्यासंबंधी बैठक झाली आणि समाजाच्या वतीने बोलण्यासाठी मला उभे केले. मी देवी अहिल्याबाईंपासून सुरुवात केली. होळकरशाहीतील घाट आणि धर्मशाळा, मराठी ग्रंथालये, नाट्यसंस्था, सर्व काही सांगितले. टाळ्याही मिळाल्या. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "मास्टर साहब, इस साल बच्चे कितने हैं?" मला आकडा ठाऊक नव्हता. मी वर्गात जाऊन पाहिलेच नव्हते. वर्ग पुढच्या जूनमध्ये बंद झाला. तो माझ्या भाषणामुळे बंद झाला असे मी म्हणत नाही, पण त्या भाषणाने तो वाचला नाही एवढे खरे.

येट्स यांच्या भाषणानेही बंदी टळली नाही. उलट १९३७ च्या घटनेत तिला स्थान मिळाले. १९८६ मध्ये लोकमत घेतले, तेव्हा लोकांनी घटस्फोट नाकारला. २४ नोव्हेंबर १९९५ रोजी पुन्हा मत घेतले आणि बंदी उठली ती अवघ्या नऊ हजारांच्या आसपास मताधिक्याने. येट्स १९३९ मध्येच फ्रान्समध्ये निवर्तले होते. ज्या सभागृहात ते बोलले ते १९३६ मध्ये बरखास्त झाले आणि नव्या घटनेने पुन्हा उभे राहिले. २०१३ मध्ये ते कायमचे मोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा लोकांनी थोडक्या फरकाने ते राखले.

१९२८ च्या जुलैत येट्स सभागृहात शेवटचे बोलले. सभागृहात समाजाचे प्रतिनिधी असण्यापेक्षा कर्तबगार माणसे असणे अधिक महत्त्वाचे, असा त्यांचा आग्रह होता. शाळा आणि नाणी पाहिली की हे पटते. जूनमधले ते भाषण वाचले की पटत नाही. आमच्या त्या बैठकीत माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांची दोन मुले त्या मराठीच्या वर्गात शिकत होती. त्यांनी कागदावर काहीतरी लिहूनही आणले होते. माझे भाषण लांबल्यामुळे त्यांना बोलावयास वेळ उरला नाही.