वेरूळचे पाच नंबरचे लेणे आणि आपली सहल

पावसाळा सुरू झाला की छत्रपती संभाजीनगरातील (औरंगाबाद) मंडळींची पावले म्हैसमाळच्या डोंगराकडे वळतात. आता आपल्या वस्त्यांतील तरुणही तंबू घेऊन मुक्कामाला जातात आणि परतताना वेरूळला थांबतात. यात गैर काहीच नाही. कष्टकऱ्यांच्या लेकरांनी सुट्टी का उपभोगू नये? आमचा प्रश्न एवढाच की, वेरूळला जाऊन आपण पाहतो काय? गाडीतून उतरायचे, समोरच्या १६ नंबरच्या कैलासात शिरायचे, फोटो काढायचे आणि कणीस खात परतायचे. ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध लेणी उजव्या हाताला तशीच राहून जातात.

बाबासाहेबही याच वाटेने सहलीला आले होते. १९३४ साली सहकाऱ्यांसोबत निघताना, काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. लगेच हौद बाटवल्याची ओरड झाली, जमाव अंगावर आला. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर प्रवेश मिळाला आणि पाळतीला हत्यारबंद शिपाई दिला गेला. ओरडणारे मुसलमान होते. जातीचा रोग धर्माच्या भिंती ओलांडून कसा पसरतो, हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवून ठेवले आहे.

पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली मसुदा झालेल्या संविधानाच्या १५(२) कलमात विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक जागा जातीच्या कारणावरून कुणालाही बंद करता येणार नाहीत, असे लिहिले गेले. म्हणजे आज आपण तिकीट काढून ताठ मानेने लेण्यांत शिरतो, तो संघर्षातून मिळालेला हक्क आहे. तो हक्क केवळ सेल्फीपुरता वापरायचा काय?

पाच नंबरच्या लेण्यात जरूर जा. लांबलचक सभागृह, मधोमध दगडात कोरलेले दोन लांब, बुटके बाक, बाजूला भिक्खूंच्या खोल्या, शेवटी बुद्धमूर्ती. हे बाक भोजनासाठी होते की पठणासाठी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ज्या संघात नाभिक उपालीला शाक्य राजकुमारांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, त्या संघाची ही बैठक आहे. येथे एका ओळीत बसायला जात आड येत नव्हती.

या लेण्याचे प्रचलित नाव मात्र 'महारवाडा'! परिसरातील महार कुटुंबे पावसाळ्यात येथे आसरा घेत, म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. विचार करा. ज्या डोंगरात भिक्खू वर्षावास करीत, त्याच डोंगरात कित्येक शतकांनंतर गावकुसाबाहेर ठेवलेली माणसे पावसापासून जीव वाचवायला आली. गावाने जे छप्पर नाकारले, ते बुद्धाच्या विहाराने दिले.

हे नाव पुसावे, असे कुणाला वाटेल. आमचे मत वेगळे आहे. वकिलीत आम्ही एक गोष्ट शिकलो : पुरावा लपवायचा नसतो, वाचायचा असतो. नावे फसवतातही. शेजारच्या ११ नंबरच्या लेण्याला 'दोन ताल' म्हणत. १८७६ साली मातीत गाडलेला तळमजला सापडला आणि मजले तीन निघाले. तसाच आपला इतिहासही एक मजला खाली गाडलेला आहे. तो उकरून काढण्याचे काम गाईड करणार नाही, ते आपल्यालाच करावे लागेल.

म्हणून प्रत्येक विहाराने पावसाळ्यात एक तरी अभ्याससहल काढावी. मंगळवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवावे. सुरुवात एक नंबरपासून करावी, कैलास शेवटी पाहावा. तोही मानवी श्रमाचा चमत्कार आहे. पाच नंबरमध्ये मुलांना खाली बसवून १९३४ ची हकिकत सांगावी. नावाचा अर्थ सांगणारा मराठी फलक लावण्याची लेखी मागणी पुरातत्त्व खात्याकडे करावी.

आणि भिंतींवर काहीही लिहू नये, 'जयभीम'सुद्धा नाही! १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आपला वारसा आपणच विद्रूप केला, तर दुसऱ्याला जाब कोणत्या तोंडाने विचारणार?