पँट्रीला आधी विचारा, मग द्या

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की अमेरिकेतल्या आपल्या घरांत मुलं शाळेतून फूड ड्राइव्हचा कागद घेऊन येतात. मग आपण कपाट उघडतो आणि मागच्या फळीवर पडून राहिलेले, आपल्याला नको असलेले डबे पिशवीत भरतो. हेतू चांगलाच असतो. पण त्या पिशवीचं पुढे काय होतं, हे शनिवारी सकाळी गरजूंना मोफत किराणा देणाऱ्या फूड पँट्रीच्या मागच्या टेबलाशी उभं राहिल्यावर दिसतं. मी तिथे डबे निवडायला जाते, म्हणून हे सांगते आहे.

आधी तारीख बघायची. ‘बेस्ट बाय’ उलटली तरी डबाबंद भाज्या-कडधान्यं बराच काळ चांगली राहतात; बाळाच्या फॉर्म्युल्याची तारीख गेली असेल तर मात्र तो सरळ बाद. मग डबा हातात फिरवून शिवणीवर बोट फिरवायचं. शिवण चेपलेली किंवा झाकण फुगलेलं असेल तर डबा कचऱ्यात. पोह्यांचं उघडून रबर लावलेलं पाकीट, घरचं लोणचं, बरणीत काढून दिलेली डाळ कितीही निगुतीनं दिलेली असो, वाटता येत नाही. लेबल नाही, तर आत काय आहे आणि त्यातलं आपल्याला काय सोसणार नाही, हे घेणाऱ्याला कळणार कसं?

हे सगळं कोणासाठी, तेही सांगते. सरकारी पाहणीनुसार २०२३ साली अमेरिकेतल्या सुमारे १ कोटी ८० लाख कुटुंबांना, म्हणजे १३.५ टक्के घरांना, वर्षभरात कधी ना कधी पुरेसं अन्न मिळण्याची खात्री नव्हती. रांगेत उभी असलेली माणसं आपल्या ओळखीचीच निघतात: दुकानात काउंटरवर असणारी, म्हाताऱ्यांची देखभाल करणारी, पेन्शनीत औषधं आणि भाडं भागवून किराण्याशी अडणारी. पुष्कळजण नोकरी करतात, पण पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी कामकाज बंद पडलं आणि नोव्हेंबरमध्ये ‘स्नॅप’चे, म्हणजे किराण्यासाठीच्या सरकारी मदतीचे, पैसे वेळेवर जमा झाले नाहीत, तेव्हा या रांगा एकदम वाढल्या.

आपल्याकडे रेशनचं दुकान सरकारच्या योजनेवर चालतं. इथली पँट्री बहुतेक वेळा चर्चच्या तळघरात किंवा एखाद्या सामाजिक संस्थेच्या जागेत, शेजाऱ्यांच्या बळावर चालते. तिच्यामागे फूड बँकेचं मोठं गोदाम असतं. १९६७ साली ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगल यांनी सेंट मेरीज फूड बँक सुरू केली, तिथून ही पद्धत देशभर गेली. दुकानांकडचा शिल्लक माल, शेतकऱ्यांची भाजी, सरकारनं विकत घेतलेलं धान्य हे गोदामात येतं आणि गावोगावच्या पँट्र्यांना फुकट किंवा अगदी नाममात्र पैशांत मिळतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की पैसे देता येत असतील तर पैसेच द्या. तुम्ही दुकानातून २० डॉलरचे डबे आणता, त्याच पैशात पँट्री कितीतरी जास्त आणू शकते, आणि ज्याची टंचाई आहे तेच आणते.

वस्तूच द्यायच्या असतील तर एक फोन करा आणि या आठवड्यात काय संपलंय ते विचारा. उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. डायपर, साबण, सॅनिटरी पॅड्स ‘स्नॅप’च्या कार्डावर घेता येत नाहीत, त्यामुळे त्यांची कायम टंचाई असते. मोटेलच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडे शेगडी नसते, कधी डबा फोडायचं कटरही नसतं. त्यांना ओढून उघडता येणारं झाकण हवं. रक्तदाब आणि मधुमेह असणाऱ्यांना कमी मिठाचे, बिनसाखरेचे डबे हवेत. आणि आपल्याला जे सहज सुचेल ते, म्हणजे तांदूळ, मसूर, चणे, तेही जरूर द्या, फक्त बंद पाकिटात. ओहायोतल्या कोलंबससारख्या शहरात नेपाळी बोलणारी कितीतरी भूतानी निर्वासित कुटुंबं आहेत. डाळ-भातावर वाढलेल्या माणसाच्या हातात मॅकरोनीचा खोका देऊन पोट भरेल, पण घरातली म्हातारी तो खाणार नाही.

मंडळाच्या गणपतीत किंवा दिवाळीत केटररचे भरलेले ट्रे उरतात. शिजवलेलं अन्न पँट्र्या सहसा घेत नाहीत. निवारागृहं आणि सूप किचन काही ठिकाणी घेतात. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात विचारून ठेवा, रात्री अकराला नव्हे. चांगल्या हेतूनं दिलेल्या अन्नाबद्दल देणाऱ्याला १९९६च्या कायद्यानं संरक्षण दिलेलं आहे, तेव्हा त्या भीतीनं हात आखडता घेऊ नका.

आणि नोव्हेंबरचं कौतुक पुरे. त्या महिन्यात फळ्या भरून वाहतात. खरी ओढाताण उन्हाळ्यात होते. शाळा बंद, त्यामुळे तिथे मोफत जेवणारी मुलं दुपारी घरी असतात, आणि आपण सगळे भारतात गेलेले असतो. निघायच्या आधी जून-जुलैचे पैसे देऊन जा.

आता एक गोष्ट, जी आपल्या लोकांत कोणी मोठ्यानं बोलत नाही. आपल्यातही गरज असते. एच-वन-बीवरच्या माणसाची नोकरी गेली की साधारणपणे ६० दिवसांची मुदत मिळते. त्या काळात पगार नाही, आणि या व्हिसावर ‘स्नॅप’ही मिळत नाही. ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेक प्रौढांनाही त्यासाठी ५ वर्षं थांबावं लागतं. विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. चौघं एका खोलीत राहून महिनाभर मॅगी खाणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आईला फोनवर ‘जेवलो’ म्हणून सांगतात.

या सगळ्यांना माझं सांगणं आहे, की पँट्रीत जा. बहुतेक ठिकाणी पत्ता आणि घरात माणसं किती, एवढंच विचारतात. अनेक पँट्र्यांत दुकानासारखी टोपली घेऊन आपल्याला हवं ते निवडता येतं, शाकाहारी असलात तर तसं. शेकडो विद्यापीठांत विद्यार्थ्यांची स्वतःची पँट्री आहे; मिशिगन स्टेटमध्ये ती १९९३पासून चालू आहे. ओळखीचं कोणी दिसेल म्हणून लाज वाटत असेल तर शेजारच्या गावातली पँट्री गाठा, पण पोटाला चिमटा काढून बसू नका. आणि तुम्ही टेबलाच्या या बाजूला असाल आणि समोर मराठी चेहरा आला, तर ‘कुठले तुम्ही?’ असं आपण होऊन विचारू नका. त्यांनी बोलायला सुरुवात केली तर बोला, नाहीतर पिशवी भरून द्या आणि पुन्हा कधी यायचं तो वार सांगा.

जवळची पँट्री माहीत नसेल तर २११ हा नंबर फिरवा. देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही पत्ता तिथेच मिळतो.