पर्वताचें मस्तक आणि पाहुण्याचे जोडे

न्यूझीलंडच्या उत्तर बेटांतील टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानाची पायवाट चालून आलेली मंडळी हल्लीं आपल्यांतहि भेटूं लागलीं आहेत. त्यांच्या वर्णनांत तेथील डोंगराचें खरें नांव क्वचितच ऐकूं येतें. ङाउरुहोए या २,२८७ मीटर उंचीच्या ज्वालामुखीला हे लोक एका इंग्रजी चित्रपटांतील विनाशपर्वताचें नांव देतात, आणि आपण त्याच्या माथ्यावर कसे चढलों हें अभिमानानें सांगतात. या अभिमानाशीं आमचें भांडण आहे.

ती वाट आम्हीहि चाललों आहों. मांगाटेपोपोच्या खोऱ्यांतून केटेटाहीपर्यंत सुमारें वीस किलोमीटरांची चाल. आरंभीं थिजलेल्या लाव्हाचे खडबडीत पाट, मग धाप लावणारा चढ, पुढें दक्षिण विवराचें ओसाड पटांगण, आणि १,८८६ मीटरांवर तें तांबडें विवर: भाजलेल्या विटेच्या रंगाचें, जमिनींतून वाफ निघत असलेलें, गंधकाच्या वासानें भरलेलें. तेथून भुरभुरीत राखेवरून घसरत उतरलें कीं पाचूच्या रंगाचीं तळीं दिसतात. तो रंग वरच्या तप्त भूमींतून झिरपलेल्या खनिजांचा. आमचा सह्याद्रीहि लाव्हाच्याच थरांचा, पण तो कोट्यवधि वर्षांपूर्वीं निवाला. येथें आग जागी आहे. २०१२ सालच्या ऑगस्टांत या वाटेजवळच्या ते मारी विवराचा स्फोट होऊन धोंडे केटेटाहीच्या निवाऱ्यावर आदळले.

ङाती तूव्हारेतोआ या माओरी कुळाच्या लेखीं हे पर्वत त्यांचे पूर्वज होत, आणि शिखर हें पूर्वजाचें मस्तक. वाट खुशाल चाला, मात्र माथ्यावर पाय देऊं नका, तळ्यांच्या पाण्यास शिवूं नका, एवढीच त्यांची विनंती आहे. आम्ही तळ्याकांठीं बसलों असतां एक तरुण बुटांसकट पाण्यांत उतरला. हटकतांच शुद्ध मराठींत उत्तर आलें, "अहो काका, विनंतीच आहे ना? बंदी थोडीच आहे!"

बंदीला शिपाई पुरतो. विनंतीला घरचें वळण लागतें. पण त्याच्याजवळ आणखीहि युक्तिवाद होते. म्हणे, माओरींनीं हे डोंगर सरकारला दान दिले. आतां ते सर्वांचे. होरोनुकू ते हेउहेउ तुकिनो या कुळमुख्यानें १८८७ सालीं हीं शिखरें ब्रिटिश राणीच्या सरकारकडे सोंपविलीं आणि १८९४ च्या कायद्यानें उद्यान झालें, हें खरें. आपण दान करतांना 'न मम' म्हणून पाणी सोडतों. माओरींच्या 'तुकु' या शब्दांत हें 'न मम' नाहीं. ती निखळ देणगी नव्हती, दोघांनीं मिळून रक्षण करावें असें तें आमंत्रण होतें, हा निर्वाळा तेथील वैतांगी न्यायाधिकरणानेंच २०१३ सालीं दिला आहे. आमंत्रण देणाऱ्याच्या घरांत पाहुणा देवघरापर्यंत जोडे घालून जातो काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आम्ही शिवाशिव मोडली ती डोंगराची शिवाशिव पाळण्यासाठीं काय, असें एका सुशिक्षित गृहस्थांनीं आम्हांस विचारलें. प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. परंतु १९२७ सालीं महाडचें चवदार तळें खुलें करण्यास लोक गेले, ते माणसाच्या जन्मावरून त्यास पाणी नाकारलें होतें म्हणून. येथें कोणाची तहान अडली आहे? कोणाचा जन्म विचारला आहे? विनंती प्रत्येक पाहुण्यास सारखीच आहे. शिवाय ज्यांची जमीन गेली, भाषा मागें पडली, त्यांनीं उरलेल्या एका गोष्टीचा मान मागावा आणि आपण त्यांस समतेचा धडा द्यावा, हें त्या गृहस्थांस कसें शोभलें, तें त्यांनाच ठाऊक. कळसूबाईच्या माथ्यावर आपण चढतों हें त्यांचें पुढचें प्रमाण. पण तेथें देवीच वर बसली आहे आणि भेटीस येऊं देते. रीत यजमानाची असते.

सहली नेणाऱ्यांनीं आपल्या पत्रकांतून शिखराचा मोह काढावा आणि चित्रपटांतील नांवहि काढावें. खरें नांव उच्चारण्यास कठीण आहे ही सबब इंग्रजानें सांगावी, मराठी माणसानें नव्हे. ङाउरुहोएच्या आरंभींचा तो ध्वनि आमच्या मुळाक्षरांत घ च्या पुढेंच बसलेला आहे, आणि बिचाऱ्याला इतक्या वर्षांत एखादें काम मिळालें आहे.