वायद्याचे पीक आणि शिकागोचे प्रेक्षक

आपल्या बेटावर बेसबॉलचे वेड नाही. चार मंडळी जमली की वाद रंगतो तो लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडचा. तरीही अमेरिकेतील बेसबॉलच्या प्रेक्षकांमध्ये जो वाद गेली काही वर्षे धुमसत आहे, त्याची दखल आम्ही या आठवड्यात घेत आहोत. खेळाडू मालकाशी किती वर्षे बांधलेला असावा, आणि मालकाने ‘थोडे थांबा, पुढे चांगले दिवस येतील’ असे सांगितल्यावर तिकीट काढणाऱ्या माणसाने किती वर्षे थांबावे, असा तो वाद आहे. शर्तबंद मजुरांच्या वंशजांना हे प्रश्न अगदीच परके वाटू नयेत.

वादाचे मुख्य ठिकाण शिकागो. त्या शहरात दोन संघ आहेत, त्यांपैकी दक्षिण भागातला व्हाइट सॉक्स. बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो. २०२४ साली हा संघ त्यांतले १२१ सामने हरला. १९०० नंतरच्या बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके पराभव कोणाच्याही वाट्याला आलेले नाहीत. आधीचा उच्चांक न्यूयॉर्क मेट्सच्या नावावर होता, १९६२ सालचे १२० पराभव. बरे, ते एकच वर्ष वाईट गेले म्हणावे, तर २०२३ साली १०१ आणि २०२५ साली १०२ पराभव आहेतच. २०२५ च्या मे महिन्यात पोपपदी निवडले गेलेले लिओ चौदावे हे जन्माने शिकागोकर आणि याच संघाचे चाहते. त्याही वर्षी संघ शंभरावर सामने हरला, तेव्हा इतका मोठा वशिलाही कामी आला नाही म्हणायचा!

आता प्रेक्षकांत तट पडले आहेत. एक तट म्हणतो, तिजोरी उघडा आणि बाजारातले नामवंत खेळाडू आणा. दुसरा म्हणतो, धीर धरा, विकतचे खेळाडू तिशी ओलांडलेले असतात. तरुण मुले तयार होऊ द्या, मग बघा. तिसऱ्या तटाने २०२४ च्या सप्टेंबरात मैदानातच घोषणा दिल्या की मालकाने संघ विकून मोकळे व्हावे.

पहिल्या दोन तटांचे म्हणणे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो. नॅशनल लीगच्या संघमालकांनी १८७९ साली आपापसात गुपचूप ठरवले की प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू ‘राखून’ ठेवावेत आणि दुसऱ्याने त्यांना हात लावू नये. पुढे हे राखीव कलम सर्वच खेळाडूंच्या करारात शिरले. करार एका वर्षाचा, पण तो संपला तरी खेळाडू त्याच मालकाचा. मालकाने त्याला दुसऱ्या संघाकडे धाडले तर मुकाट्याने जायचे, नाहीतर खेळ सोडायचा. १९२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच नव्हे असा निर्णय दिला, आणि मक्तेदारीविरोधी कायद्यातून मालक सुटले.

कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला १९६९ साली सेंट लुईसच्या संघाने फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्याने २४ डिसेंबरला बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवले की इतकी वर्षे खेळल्यावर आपण कोणाची खरेदी-विक्रीची मालमत्ता आहोत असे आपल्याला वाटत नाही. त्याचा पगार वर्षाला ९० हजार डॉलर होता. एवढे मिळत असताना कसली गुलामी, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. फ्लडचे सुख आणि मुंबई बंदरातून जहाजात बसून उसाच्या मळ्यांवर आलेल्या आपल्या पूर्वजांचे दुःख यांची तुलना करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण मजुरी बरी असली म्हणजे माणूस मोकळा असतो, हा युक्तिवाद आपण ओळखतो.

फ्लड हरला तरी वाट मोकळी झाली ती लवादामुळे. पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ म्हणून काम केलेले मार्विन मिलर १९६६ पासून खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख होते. त्यांनी लढवलेल्या प्रकरणात २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला की करार संपल्यावर आणखी एक वर्ष करार न करता खेळलेला खेळाडू मोकळा होतो. १९७६ साली मालक आणि संघटना यांच्यात तडजोड झाली: सहा वर्षे वरच्या श्रेणीत खेळलेला खेळाडू ‘फ्री एजंट’, म्हणजे कोणत्याही संघाशी सौदा करायला मोकळा. युरोपातील फुटबॉलमध्ये करार संपल्यावर मोकळे होण्याचा हा हक्क बोसमन खटल्याने १९९५ साली मिळाला. अमेरिकेचे गाडे वीस वर्षे पुढे होते.

तेव्हा सहा वर्षे खेळाडू संघाचा, सातव्या वर्षी स्वतःचा. बहुतेकांना पहिली तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपासच मिळते. २०२५ साली हे किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. सामान्य माणसाला ही रक्कम डोळे दिपवणारी, पण बाजारभावाने खेळाडूची किंमत याच्या वीस-तीस पट असू शकते. म्हणून सहा वर्षांचे सात कसे करावेत यावर संघांचे व्यवस्थापक डोके लढवतात. शिकागोच्याच दुसऱ्या संघाचे, कब्जचे, उदाहरण प्रसिद्ध आहे. क्रिस ब्रायंट हा तरुण फलंदाज २०१५ च्या हंगामाला पूर्ण तयार होता, पण सुरुवातीचे काही दिवस त्याला खालच्या श्रेणीत ठेवले. नोकरीचे एक वर्ष भरायला १७२ दिवस लागतात; ब्रायंटचे भरले १७१. एका दिवसाने त्याची मोकळीक वर्षभर लांबली. त्याने तक्रार केली, ती २०२० साली फेटाळली गेली. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापणारा ‘डबल कट’ ज्यांच्या घरात सांगितला-ऐकला गेला आहे, त्यांना दिवस मोजणाऱ्या मालकांची ही विद्या नवी वाटणार नाही.

करारमुक्तीवर नेहमीचा आक्षेप असा की श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू घेऊन जातात आणि गरीब संघ कोरडे राहतात. आकडे पाहिले की आक्षेप खरा वाटतो. शोहेई ओहतानीला २०२३ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलर कबूल केले. पुढच्याच डिसेंबरात हुआन सोतोला न्यूयॉर्क मेट्सनी पंधरा वर्षांसाठी साडेशहात्तर कोटी. डॉजर्स तर २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोनदा विजेते झाले.

पण जरा मागे जाऊन पाहावे. १९४७ ते १९६४ ही अठरा वर्षे घ्या, जेव्हा खेळाडू पूर्ण बांधील होता. त्या काळात न्यूयॉर्क यांकीज पंधरा वेळा अंतिम मालिकेत उतरले आणि दहा वेळा जिंकले. उलट सर्वत्र करारमुक्ती असताना २००१ पासून २०२४ पर्यंत एकाही संघाला आदल्या वर्षीचे विजेतेपद राखता आले नाही. साडेशहात्तर कोटींचा सोतो घेऊनही मेट्स २०२५ साली बाद फेरीतसुद्धा पोचले नाहीत. पैशाने फरक पडतो, कोण नाही म्हणतो? पण खेळाडूला बांधून ठेवल्याने गरीब संघाचे भले होते, याला इतिहासात आधार सापडत नाही. बांधलेल्या खेळाडूचा फायदा होतो तो मालकाला.

मग दुसरा मार्ग उरतो, पुनर्बांधणीचा. ही पद्धत अशी: चांगले पण महाग होत चाललेले खेळाडू दुसऱ्या संघांना द्यायचे, बदल्यात त्यांची होतकरू पोरे घ्यायची, तीन-चार वर्षे हरायचे. खालच्या क्रमांकाच्या संघाला शाळा-कॉलेजांतील नव्या मुलांच्या वार्षिक वाटणीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, आधी निवड मिळते. म्हणजे जितके हराल तितका मुलगा चांगला! इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे तीन संघ खालच्या वर्गात ढकलले जातात, त्यामुळे हरण्याची मालकाला धास्ती असते. अमेरिकेत ढकलायला खालचा वर्गच नाही. दूरचित्रवाणीच्या पैशातला वाटा मिळतच राहतो आणि पगाराचा खर्च वाचतो. आमच्या मते साऱ्या दुखण्याचे मूळ येथे आहे.

ही पद्धत कधीच फळत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ह्यूस्टनचा संघ २०११ ते २०१३ या तीन वर्षांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरला आणि २०१७ साली विजेता झाला. अर्थात त्या वर्षी प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्याने चोरल्याचे पुढे उघड झाले, तो डाग वेगळा. कब्ज २०१२ साली १०१ सामने हरले आणि २०१६ साली, १९०८ नंतर प्रथमच, जिंकले. ही दोन उदाहरणे झाली आणि ज्याला त्याला पुनर्बांधणीचे डोहाळे लागले.

व्हाइट सॉक्सनी २०१६ च्या डिसेंबरात हा रस्ता धरला. डावखुरा गोलंदाज ख्रिस सेल बॉस्टनला दिला आणि योआन मोंकाडा, मायकल कोपेक ही होतकरू मुले आणली. पुढच्या जुलैत होसे किंताना हा गोलंदाज शेजारच्या कब्जना देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ घेतले. २०१७ साली ९५ आणि २०१८ साली १०० पराभव झाले, पण जाणकार म्हणत होते की इतकी गुणी पोरे क्वचितच एका संघाकडे जमतात. २०१९ च्या आरंभी मॅनी मचाडो हा नामवंत खेळाडू बाजारात होता. व्हाइट सॉक्सनी आठ वर्षांचे २५ कोटी देऊ केले, सॅन दिएगोने दहा वर्षांचे ३० कोटी, आणि तो तिकडे गेला. गंमत अशी की २०१८ च्या अंतिम मालिकेत शेवटचा बळी पडला तो याच मचाडोचा आणि घेतला तो बॉस्टनच्या सेलने. विकलेला गोलंदाज आणि विकत न घेता आलेला फलंदाज एकाच चित्रात.

२०२१ साली पीक आल्यासारखे वाटले. ९३ विजय मिळवून संघाने आपला गट जिंकला आणि बाद फेरीत ह्यूस्टनकडून हरला. पीक म्हणायचे ते तेवढेच. पुढच्या वर्षी ८१ विजय आणि ८१ पराभव, आणि त्यानंतरची कथा वर आलीच आहे. सीझ, कोपेक, हिमेनेझ, तिघेही २०२४ मध्ये दुसऱ्या संघांकडे गेले. वर्षअखेरीस गॅरेट क्रोशे हा आणखी एक डावखुरा गोलंदाज दिला गेला, पुन्हा बॉस्टनलाच, पुन्हा होतकरू मुलांच्या बदल्यात. आठ वर्षांनी गाडी त्याच फाटकाशी. बॉस्टनने २०२५ च्या वसंतात क्रोशेशी सहा वर्षांचा १७ कोटींचा करार केला. व्हाइट सॉक्सनी २०२५ अखेरपर्यंत कोणत्याही खेळाडूला दिलेला सर्वांत मोठा करार साडेसात कोटींचा, अँड्र्यू बेनिंटेंडीचा.

संघाचे प्रमुख मालक जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून आहेत. त्यांच्याच काळात २००५ साली, १९१७ नंतर प्रथमच, विजेतेपद आले हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. पण पैशाबाबत त्यांची गोष्ट विचित्र आहे. पगारांना कमाल मर्यादा हवी, असा आग्रह धरणाऱ्या कडव्या मालकांत ते होते. त्या तंट्यात १२ ऑगस्ट १९९४ ला संप झाला, त्या वर्षीची अंतिम मालिकाच रद्द झाली. त्या वेळी आपल्या गटात पहिला होता तो व्हाइट सॉक्स! आणि दोनच वर्षांनी याच गृहस्थांनी अल्बर्ट बेलला पाच वर्षांचे साडेपाच कोटी देऊन तोवरचा सर्वांत महाग खेळाडू केले. संघ फ्लोरिडाला हलवण्याची धमकी दिल्यावर १९८८ साली इलिनॉय राज्याने सरकारी पैशाने नवे मैदान मंजूर केले, ते १९९१ साली उघडले. २०२४ मध्ये आणखी एका मैदानासाठी पुन्हा सरकारकडे हात पसरले गेले. जनतेने मैदान बांधायचे, तिकीट काढायचे, वर धीरही धरायचा, हे जरा अतीच होते.

हरण्याचे बक्षीस बंद करण्याचा थोडा प्रयत्न झाला आहे. २०२२ च्या नव्या करारानुसार ड्राफ्टच्या पहिल्या सहा निवडी सोडतीने ठरतात, आणि मोठ्या शहराच्या संघाला लागोपाठ दोन वर्षे सोडतीत नशीब काढता येत नाही. म्हणून १२१ पराभवांनंतर व्हाइट सॉक्सना २०२५ साली दहावा क्रमांक मिळाला. उपाय बरा, पण तोकडा. खर्च न करणाऱ्या मालकाला याने झळ लागत नाही. हा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा. मालकांच्या गोटात पगाराच्या कमाल मर्यादेची भाषा २०२५ पासून पुन्हा ऐकू येऊ लागली. किमान खर्चाची सक्ती आधी करा, मग कमाल मर्यादेचे बोला, असे शिकागोच्या प्रेक्षकांनी म्हटले तर आम्ही त्यांच्या बाजूचे.

२०२५ च्या डिसेंबरातील सोडतीत २०२६ च्या ड्राफ्टची पहिली निवड व्हाइट सॉक्सच्या पदरात पडली. मुलगा गुणी निघाला आणि २०२८ साली वर आला असे धरले, तर २०३३ च्या हंगामानंतर तो करारमुक्त होईल. संघाचे भागीदार जस्टिन इश्बिया यांच्याशी २०२५ च्या जूनमध्ये झालेल्या समझोत्याप्रमाणे राइन्सडॉर्फ २०२९ ते २०३३ च्या दरम्यान त्यांना संघाचा ताबा देऊ शकतात, आणि २०३४ च्या हंगामानंतर तो मागण्याचा हक्क इश्बियांना मिळतो. त्या मुलाला मोठी रक्कम देऊन ठेवून घ्यायचे की पुन्हा कोणाला तरी देऊन टाकायचे, याचा निर्णय बहुधा नवा मालकच करील.