पाच टक्के कशाचे?

नवापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेस अधिकार दिले. राज्याच्या २०१४ च्या नियमांनी एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याचा मार्ग खुला केला. २०१५ मध्ये आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींस देण्याचा निर्णय झाला. तो कशावर खर्चावा, हे ग्रामसभेने ठरवायचे. बलवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या अहवालापासून विकेंद्रीकरणाच्या नावाने कामे खाली आली, तिजोरीच्या किल्ल्या मात्र वरच राहिल्या. त्यामुळे थेट पैसा ही खरोखरच नवी गोष्ट होती. (कागदोपत्री भरणाऱ्या ग्रामसभा हा निराळा विषय.)

परंतु २०२५ साली शासनाने ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटींहून अधिक रुपये वळविले. पैसा आदिवासी बहिणींनाच जातो, हे त्याचे समर्थन फसवे आहे. इतर बहिणींचा वाटा सर्वसाधारण तिजोरीतून आणि मावची, भिल्ल, कोकणी बहिणीचा तिच्याच समाजाच्या विकासनिधीतून, हा कोणता न्याय? ज्या रकमेचे पाच टक्के काढायचे तीच आटली, तर ग्रामसभेच्या अधिकारात उरते काय?

आंध्र प्रदेशाने २०१३ साली उपयोजनांच्या निधीसाठी कायदा केला. महाराष्ट्रातही निधी वळविण्यास कायद्यानेच बंदी हवी. तोवर पाच टक्के मूळ तरतुदीवर मोजावेत, असे ठराव नवापूरच्या प्रत्येक ग्रामसभेत व्हावेत आणि कार्यकर्त्यांनी ते तहसील कचेरीवर नेऊन त्यांची पोच घ्यावी.